‘कुठून’ रिकामं असलेला कॉल

आधीच सांगतो, मी या ग्रुपवर आलो तो हसायला. चकवा लागला, पांढऱ्या साडीतली बाई दिसली, गाडी आपोआप बंद पडली... वाचायचो आणि मनात म्हणायचो, पेट्रोल संपलं असेल बाबा, काटा बघ. आमच्या घरात हा विषयच नाही. आज्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव नदीत सोडले आणि देवांबरोबर भूतंही वाहून गेली, असं आमचे बाबा सांगायचे. अंगारा नाही, दृष्ट काढणं नाही, दाराला लिंबू-मिरची नाही. त्यात माझं काम असं, की प्रत्येक गोष्टीला कारण असतंच. आज नाही सापडलं तर उद्या सापडतं. सापडेपर्यंत मालक डोकं खातो, एवढंच.

तेव्हा कृपा करून कमेंटमध्ये कुण्या महाराजाचा पत्ता टाकू नका. मी जाणार नाही. इथं लिहितोय ते एवढ्यासाठी, की या लाईनमधला कुणी वाचत असेल आणि त्यानं ‘अरे, हे असं असं झालं असणार’ म्हणून दोन ओळी लिहिल्या, तर मी त्याचे पाय धरीन. आजपर्यंत ज्यांना विचारलं त्यांनी खांदे उडवले.

मी वाशिमला असतो. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, एका पत्र्याच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे दोन खोल्या, एक इन्व्हर्टर आणि एक सर्व्हर. मालक विलासभाऊ. माणूस चांगला आहे, फक्त प्रत्येक बिघाड मीच केलाय असं गृहीत धरून सुरुवात करतो. आमचं काम सोपं. शेतकऱ्यानं आमच्या नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा. तो आपोआप कट होतो आणि थोड्या वेळात सर्व्हर त्याला उलटा फोन लावतो. रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज सांगतो — नमस्कार, रिसोडच्या मार्केटमध्ये आज सोयाबीनचा भाव अमुक, तुरीचा तमुक. ऐकायचं आणि ठेवायचं. मिस्ड कॉल द्यायला आमच्या भागात कुणाला शिकवावं लागत नाही, त्यामुळे धंदा बरा चालतो.

आता थोडं घरचं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमचं गाव मेडशीहून आत आहे. घरी माय, वहिनी आणि वहिनीची पोरगी. माझा मोठा भाऊ मिलिंद, म्हणजे दादा, ट्रकवर होता. रिसोडहून सोयाबीन भरायचं आणि मध्य प्रदेशात तेलाच्या कारखान्यांत टाकायचं. तीनेक वर्षांमागं असाच भरलेला ट्रक घेऊन गेला आणि परत आला नाही. ट्रक सापडला, बऱ्हाणपूरच्या पुढं रस्त्याच्या कडेला नीट लावलेला. माल जसाच्या तसा. चावी लावलेली. केबिनमध्ये त्याच्या चपला. दादा नाही आणि त्याचा फोनही नाही, फोन बंद. आम्ही दोन्हीकडच्या ठाण्यांत खेटे घातले, दवाखाने पाहिले, रेल्वे स्टेशनांवर फोटो चिकटवले. विहिरीसुद्धा पाहिल्या. काही म्हणजे काही हाती लागलं नाही.

माय कानानं अधू आहे. फोनवर बोललेलं तिला समजत नाही. पण मांडीवरचा फोन थरथरला की कळतं. म्हणून दादा पहिल्यापासून तिला मिस्ड कॉल द्यायचा. मुक्कामी पोचलो की एक रिंग आणि कट. त्या एका रिंगेचा अर्थ — पोचलो, जेवतो, काळजी करू नको. बोलायचं असलं तर वहिनीच्या फोनवर बोलायचा. मायचा फोन फक्त रिंग यायला होता, आणि तो कुणी उचलायचा नाही असा तिचा कायदा होता. उचलला की पोराचे पैसे जातात, हे तिच्या डोक्यात जुन्या काळापासून पक्कं बसलेलं. पुढं सगळं अनलिमिटेड झालं, मी शंभरदा समजावलं, पण ती म्हणायची, ‘असू दे, तुले काय करा लागते?’ आमच्याकडं घरोघरी अशा म्हाताऱ्या आहेत, त्यामुळे आम्हाला त्यात काही वेगळं वाटायचं नाही.

दादा गेला त्या खेपेला ती रिंग आली नाही. आणि मायनं धरून ठेवलं ते तेवढंच. रिंग नाही आली, म्हणजे पोचला नाही. पोचला नाही, म्हणजे अजून रस्त्यात आहे.

आमच्यात माणूस गेला की पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम करतात. वंदना होते, बौद्धाचार्य येतात, लोक त्याच्याबद्दल दोन शब्द बोलतात, जेवण होतं. मग घर हळूहळू चालू लागतं. आमच्याकडं ते झालं नाही. वर्ष उलटल्यावर समाजातले चार जण सांगायला आले, तर मायनं त्यांना पाणीही विचारलं नाही. ‘रस्त्यातल्या माणसाचा कारेक्रम करता काय रे बाप्पा?’ एवढंच म्हणाली आणि तोंड फिरवून बसली. फोन कायम मांडीवर. रोज चार्जिंग. वहिनी अंगणवाडीत मदतनीस आहे, ती घरात आणि गावात कशी वावरत असेल ते तिचं तिला माहीत. नवरा आहे म्हणावं तर नाही, नाही म्हणावं तर सासू म्हणू देत नाही. तिनं कुणाकडं कधी तक्रार केली नाही. मी महिन्यातून दोनदा जायचो, किराणा टाकायचो आणि पळून आल्यासारखा परत यायचो. खरं सांगायचं तर मला ते घर सहन होत नव्हतं.

तर, मागच्या सोयाबीनच्या सीझनला आमच्याकडं तक्रारी सुरू झाल्या. मिस्ड कॉल दिला, पण उलटा फोन आलाच नाही. एक-दोघांचं नाही, बऱ्याच जणांचं. विलासभाऊनं नेहमीप्रमाणे सुरुवात केली.

‘काय उपटून ठेवलं बे तू?’

‘मी हातसुद्धा लावला नाही, भाऊ.’

‘मंग कोन लावला? पाय बरं लवकर. लोकं मले शिव्या देऊन राह्यले.’

असा बिघाड शोधायची एक पद्धत आहे, ती साध्या भाषेत सांगतो. फोनच्या सर्व्हरच्या पोटात अनेक भाग असतात आणि ते एकमेकांना सारखे निरोप देत असतात. एक सांगतो, कॉल आला. दुसरा सांगतो, या नंबरला लाव. तिसरा सांगतो, रिंग जातेय, उचलला, ठेवला. एरवी हे निरोप येतात आणि विरून जातात, कुणी लिहून ठेवत नाही. बिघाड झाला की आपण सांगतो, बाबा, सगळं लिही. त्याला लॉग म्हणतात. मग असा पूर येतो की डोळ्यांसमोरून अक्षरं नुसती धावतात. त्यातून काही कळायचं तर चाळणी लावावी लागते. फक्त या नंबरचे दाखव, फक्त अडलेले दाखव, असं. गहू चाळतात तसंच, फक्त इथं आपल्याला खडेच हवे असतात.

मी चाळणी लावली — सर्व्हरनं जे निरोप पुढं न पाठवता टाकून दिले, तेवढेच दाखव. एक नियम आहे, ज्या निरोपात ‘कुठून’ आणि ‘कुठे’ यांपैकी एक जरी रिकामं असेल, तो टाकून द्यायचा. तक्रारीचं कारण तिथंच सापडलं. काही नंबरांच्या आधी शून्य लागून येत होतं, सर्व्हर गोंधळत होता आणि ती जागा रिकामी ठेवत होता. दुरुस्त केलं, तक्रारी थांबल्या. इतका साधा मामला होता.

पण त्या टाकून दिलेल्या ढिगात एक ओळ होती. कुठून — रिकामं. कुठे — माझ्या मायचा नंबर. काम — रिंग द्या.

तो नंबर मला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल. मी दोनदा आकडे जुळवून पाहिले. तोच. आणि त्याच्या खाली लगेच दुसरी ओळ. कुठून — रिकामं. कुठे — तोच नंबर. काम — रद्द करा. दोन्हींच्या मधलं अंतर साधारण एक रिंग वाजायला लागते तेवढं.

मी उठलो, खाली जाऊन चहा पिऊन आलो. मला वाटलं, आपणच कधीतरी टेस्टिंगला घरचा नंबर टाकला असेल. विलासभाऊ पण तेच म्हणाला.

‘तूच टाकला असन अन् इसरला असन. काढून टाक.’

काढायला मिळायला तर पाहिजे. मी पूर्ण प्रोग्राम शोधला, सेटिंगा शोधल्या, बॅकअप शोधले. मायचा नंबर कुठेच नव्हता. मायनं आमच्या नंबरवर कधी मिस्ड कॉल दिला असेल म्हणावं, तर तिला फोन लावताच येत नाही. आणि दिला असता तरी ‘कुठून’मध्ये तिचा नंबर आला असता. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तीच जोडी आली. रिंग द्या, रद्द करा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. दुपारीच, जेवणं आटपायच्या सुमाराला. दादाची गाडी साधारण त्याच वेळी कारखान्यात पोचून खाली, म्हणजे रिकामी, व्हायला लागायची... हे मला त्या वेळी सुचलं नव्हतं. वहिनीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली.

मी पुष्कळ प्रयोग केले. हॅकिंग असेल म्हणून पासवर्ड बदलले. सर्व्हरवर सगळं पुसून नव्यानं टाकलं. त्यानंतरही ती जोडी आल्यावर माझं डोकं फिरलं. मग एका दुपारी विलासभाऊला सांगितलं, पाच-दहा मिनिटं धंदा बंद ठेवू. इंटरनेटची केबल काढली, फोनची लाईन काढली. मशीन नुसतं विजेवर, बाहेरच्या जगाशी काही संबंध नाही. दोघं स्क्रीनसमोर बसलो. लॉग रिकामा, एक ओळ हलत नव्हती.

‘आडातच नाही तं पोहऱ्यात कुठून येईन?’ विलासभाऊ बोलला आणि खुर्ची मागं सरकवली.

तेव्हाच ती ओळ आली. कुठून — रिकामं. कुठे — मायचा नंबर. काम — रिंग द्या. आणि पाठोपाठ रद्द करा.

विलासभाऊनं खुर्ची परत पुढं ओढली. त्यानं मला विचारलं, हा नंबर कुणाचा आहे म्हणाला होतास? मी सांगितलं. दादाचं त्याला माहीत होतं. तो उठला, स्वतः केबल लावली आणि म्हणाला, ‘घरी जाऊन ये राजा.’

मी मेडशीची एसटी धरली. गाडीत खिडकीशी बसून मी स्वतःला शिव्या घालत होतो, की तू शिकलेला माणूस, तुझ्या आज्यानं देव नदीत सोडले आणि तू चाललास घरी ही असली गोष्ट सांगायला. पण मला दुसरं काहीच करता येत नव्हतं. दादा जिवंत आहे का नाही, एवढं एक जरी कळलं तरी त्या घरातल्या तिघीही श्वास घेतील, असं मला वाटायचं. काहीही कळो, पण कळो.

वहिनी अंगणात तुरीची डाळ पाखडत होती. मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत होती, सूप हलत होतं. संपल्यावर सूप खाली ठेवलं.

‘भाऊजी, मले आता आशा लावू नका. मोठ्या मुश्किलीनं सोडली मी.’

‘वहिनी, मी आशा लावायला नाही आलो. मला स्वतःलाच कळत नाही.’

‘मंग कायले आले?’

मी म्हणालो, तो निरोप आमचा सर्व्हर टाकून देतो. म्हणजे मायच्या फोनवर रिंग कधी पोचलेलीच नाही. मी तो नियम या एका नंबरपुरता उठवू शकतो. मग सर्व्हर खरोखर फोन लावील. कुणी तरी उचलला तर... पुढं काय ते मला माहीत नाही.

वहिनीनं सूप बाजूला सरकवलं. मग तिनं वेळ विचारली, कोणत्या टायमाला येते म्हणून. मी सांगितल्यावर म्हणाली, ‘त्याच टायमाले गाडी खाली होये त्यायची.’ आणि डोळ्यांना पदर लावला. मी तिला इतक्या वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं. थोड्या वेळानं म्हणाली, ‘उठवा तुमचा नियम. मी अंगणवाडीतून लवकर येईन अन् मायपाशी बसून राहीन. मीच उचलीन.’

‘मायला सांगायचं?’

‘नाही. तिले कायले सांगता? उचलू देणार नाही ती.’

मी म्हटलं, मग आधीच फोन काढून घे. वहिनी म्हणाली, ‘तिच्या हातचा फोन मी काढू? ते का आपल्याच्यानं होते काय?’ आम्ही ठरवलं की वाजला की ती पटकन घेईल. माय म्हातारी, हळू. घेता येईल, असं वाटलं.

परत येऊन मी तो नियम उठवला. दुपारी विलासभाऊनं ऑफिसचं दार आतून लावून घेतलं. स्क्रीनवर चाळणी होती, फक्त मायच्या नंबरचे निरोप. वहिनीचा मेसेज आला की मी बसले. मायच्या शेजारीच, लसूण सोलत.

ओळ आली. कुठून — रिकामं. काम — रिंग द्या. या वेळी ती टाकून दिली गेली नाही. खाली नवी ओळ — लाईन घेतली. मग — नंबर लावला. मग — रिंग जात आहे.

आता मी ‘रद्द करा’ची वाट पाहत होतो. इतके दिवस ते लगेच यायचं. एका रिंगेचं अंतर गेलं. दोन गेलं. रद्द आलं नाही. रिंग जात आहे. रिंग जात आहे. आमच्या सर्व्हरवर वाजत असेपर्यंत ती ओळ पुन्हा पुन्हा येते, तशी ती येत राहिली. विलासभाऊनं माझा खांदा इतका घट्ट धरला होता की नंतर तिथं दुखत होतं.

‘उचलत काहून नाही?’ तो म्हणाला.

मी वहिनीच्या फोनवर फोन लावला. वाजतोय, घेत नाही. पुन्हा लावला. इकडं स्क्रीनवर रिंग जात आहे, रिंग जात आहे. मी मोठ्यानं बोलत होतो, वहिनी उचल, उचल ना वहिनी, जणू तिला वाशिमहून ऐकू जाणार होतं. त्यानं मायला आजवर एकदाही एका रिंगेपेक्षा जास्त दिली नव्हती, जिवंत होता तेव्हाही नाही... बघा, मी ‘जिवंत होता तेव्हा’ असं लिहून गेलो. खोडत नाही, राहू द्या.

मग शेवटची ओळ आली. उत्तर नाही, कॉल बंद केला.

आमच्याकडं एक मर्यादा असते. ठरावीक वेळ रिंग गेली आणि उचलला नाही, तर सर्व्हर स्वतःच कॉल तोडतो, लाईन अडकून राहू नये म्हणून. तो कॉल तिकडून कट झाला नव्हता. ‘रद्द करा’ आलंच नाही. तोडला तो आमच्या मशीननं.

वहिनीचा फोन थोड्या वेळानं आला. ती धापा टाकत होती. घडलं ते असं. फोन थरथरला. माय दचकली आणि दोन्ही हातांनी फोन छातीशी धरला. वहिनीनं हात घातला तर म्हणाली, ‘उचलू नको. त्याचीच हाय. पोचला.’ वहिनी म्हणाली, माय, वाजून राह्यला अजून, द्या मले. माय म्हणे, ‘नाही, पैसे जातीन त्याचे.’ वहिनीनं ओढला. सत्तरीच्या बाईच्या हातात इतकी ताकद कुठून आली तिला कळलं नाही, की आपलेच हात ढिले पडले तेही कळलं नाही. पुढं ती म्हणाली, ‘भाऊजी, बोटं मोडली असती तिची. मी सोडलं.’ आणि फोन वाजून वाजून थांबला.

मायच्या फोनवर मिस्ड कॉल पडला होता तो अर्थातच आमच्या ऑफिसच्या नंबरचा, कारण लावला आमच्या सर्व्हरनं होता. माय निवांत झाल्यावर वहिनीनं तिच्या हातातून फोन घेतला आणि त्या नंबरवर उलटा लावला. तो आमच्या ऑफिसचा नंबर आहे हे घाईत तिच्या लक्षात राहिलं नाही. सर्व्हरनं कट केला आणि नियमाप्रमाणे उलटा फोन केला. वहिनीनं जीव मुठीत धरून उचलला, तर नमस्कार, रिसोडच्या मार्केटमध्ये आज सोयाबीनचा भाव... तिनं शेवटपर्यंत ऐकला म्हणे. मधेच कुणी बोलेल असं वाटलं तिला.

त्या दिवसानंतर ती ओळ परत आली नाही. मी लॉग चालू ठेवलाय, चाळणी लावून ठेवली आहे, नियम उठवलेला आहे तो तसाच आहे. रोज दुपारी मी आणि विलासभाऊ स्क्रीनकडं बघत जेवतो. काही येत नाही. विलासभाऊ मला समजावतो, ‘उचलला असता तरी काय ऐकू आलं असतं? तिकडं कोनी नव्हतंच. केबल काढून पाह्यली ना आपन.’ तांत्रिकदृष्ट्या त्याचं बरोबर आहे. कॉलला दुसरं टोकच नव्हतं. उचलला असता तर नुसती शांतता ऐकू आली असती. पण मी म्हणतो, भाऊ, ऐकली तर असती.

मी हा सगळा लॉग पुण्याच्या दोन मित्रांना पाठवला. दोघंही याच कामात मुरलेले. एकानं सांगितलं मशीनची मेमरी खराब असेल. मेमरी बदलून पाहिली, आधीची तपासली, चांगली निघाली. आणि खराब मेमरी नेमका माझ्या मायचाच नंबर काढते, तोही रोज त्याच सुमाराला, हे मला कुणी पटवून दिलं नाही. दुसऱ्यानं दोन दिवस लॉग पुन्हा पुन्हा तपासला. मग लिहिलं, माहीत नाही रे. तेवढंच.

मायचं विचाराल तर माय बरी आहे. जेवते. शेजारणींशी बोलते. ‘माहा पोरगा पोचला’ म्हणून सांगते. कुठं पोचला, असं एका बाईनं विचारलं तर म्हणाली, पोचला ना बाई, मंग झालं. तिनं फोन चार्जिंगला लावणं सोडलं. आणि महिन्याभरानं मला स्वतः म्हणाली, ‘बापू, लोकायले सांगून घे. कारेक्रम करून टाकू त्याचा.’ तीन वर्षं गाव जे तिच्या गळी उतरवू शकलं नाही, ते तिनं त्या एका रिंगेवरून मान्य केलं. त्या रिंगेत तिला काय कळलं, ते तिनं सांगितलं नाही आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही.

कार्यक्रम झाला. फोटोला हार घातला, वंदना झाली, लोक बोलले. वहिनी आली नाही. पाठच्या खोलीत बसून होती. तिला आणायला गेलो तर तिच्या हातात मायचा तो जुना फोन होता, चार्जरला लावलेला. आता तो तिच्याचकडं असतो. अंगणवाडीत नेते, शेतात नेते. कंपनीचा जाहिरातीचा फोन आला तरी पहिली रिंग पूर्ण व्हायच्या आत उचलते. जिनं आशा सोडली होती तिला मी ती परत लावून दिली, आणि काढायची कशी ते मला येत नाही.

तिनं मला खाली बसवलं. बाहेर माईकवर कुणी तरी दादाबद्दल चांगलं बोलत होतं.

‘भाऊजी, एक सांगा. त्या दिवशी तिकडून कट केला नव्हता ना?’

मी म्हटलं, ‘नाही वहिनी. तिकडून नाही केला.’